नदी दुधाळली की

मत्स्यबीज केंद्रात नदीचं पाणी उघड्या हातानं कुणी शिवत नसे. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, पण दाराशेजारच्या खुंट्यांवर कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे टांगलेले असत आणि ते चढवल्याशिवाय घाटाकडं पाऊल टाकायचं नाही हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. बाईंचे सासरे, म्हणजे मामंजी, तरुणपणी एकदा मोज्यांविना तासभर जाळं ओढत बसले आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची गमावून बसले. बोटं हाताला होती, पण सुई टोचली तरी कळत नसे. वरच्या हिमनदीतून निघालेलं पाणी ते, माणसाची गय कशाला करील?

बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. हुद्दा कागदावर मोठा होता, पण सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. मामंजींनी त्यांना हाताशी धरून काम शिकवलं, नवरा गेल्यावर त्यांनी तेच काम घट्ट धरून ठेवलं, आणि बघता बघता चौतीस वर्षं झाली. केंद्र तरी केवढं? पत्र्याखाली सहा सिमेंटच्या टाक्या, अंडी उबवायची एक अंधारी खोली, एक कचेरी आणि तिच्यात एक टेबल, ज्याच्या चौथ्या पायाखाली वीट होती. मागच्या कड्यातून एक झरा यायचा, त्याचं पाणी नळानं टाक्यांत फिरायचं. समोर चाळीस पावलांवर नदी. मदतीला एकच माणूस, पन्नाशीचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. कानात सांगायची गोष्टही तो पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी सांगायचा, म्हणून.

काम एकाच माशाचं, ठिपक्याचं. हा मासा याच नदीचा, थंड पाण्याचा. पानगळीच्या दिवसांत मोठे ठिपके जाळ्यानं धरायचे, माद्यांची अंडी काढायची, उबवायची, जिऱ्याएवढी पिल्लं झाली की टाकीत वाढवायची आणि बोटभर लांब झाली की नदीत सोडायची. बोटभर झालेल्याला बोटुकली म्हणतात. पण सोडायची कधी, हे कॅलेंडर बघून ठरत नसे. मामंजींचा नियम एका ओळीचा होता: नदी दुधाळली की पोरं सोडायची.

उन्हाळा तापला की वर बर्फ वितळायचा. त्या बर्फाखाली हजारो वर्षं दगड दळला गेलेला, त्याचं पीठ पाण्यात उतरायचं आणि नदी दोन महिने दुधासारखी पांढरी व्हायची. त्या पांढऱ्या पाण्यात बगळ्याला काही दिसत नाही आणि मोठ्या माशालाही दिसत नाही. तेवढ्या मुदतीत बोटुकली लपतछपत मोठी होते, शहाणी होते. शिवाय ते पाणी असं गार की खालच्या सपाटीवरचा खादाड मासा वर यायची छातीच करत नसे. म्हणजे एका दुधात पोरांचं दाणापाणी, लपायची जागा आणि राखणदार, सगळं आलं. नियम सोपा होता आणि चौतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

पण गेली सात-आठ वर्षं दूध उशिरा यायला लागलं. मग पातळ यायला लागलं. गेल्या साली दहाच दिवस आलं, तेही धुवणासारखं. वरचा बर्फ गावातून दिसायचा तो आता दिसेना, त्याच्या जागी काळाकरडा उघडा उतार दिसायला लागला. यंदा उन्हाळा अर्धा सरला तरी नदी आपली आरशासारखी स्वच्छ! गाव खूश होतं. जिथं पाय घालायची सोय नव्हती तिथं लोक आंघोळी करायला लागले, एकानं तर काठावर खुर्च्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. सगळे म्हणत, नदी किती सुंदर झालीय बघा. बाई मनात म्हणत, तापानं फणफणलेल्या बाईचे गाल लाल दिसतात, तिलाही लोक सुंदरच म्हणत असतील.

कारण बाईंनी दगड उलटून बघितले होते. पूर्वी कुठलाही दगड उलटला की खाली चपट्या, दोन शेपट्यांच्या अळ्या बिलगलेल्या असत. बोटुकलीचं पहिलं जेवण ते. आता दगडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं आणि खाली अळ्यांऐवजी गोगलगाई होत्या. पुलाखालच्या डोहात सपाटीवरचा मिशाळ मासा येऊन ऐसपैस राहिला होता, भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखा. आणि गेल्या पानगळीत बाईंनी तीन आठवडे जाळी लावली तेव्हा ठिपक्याच्या माद्या सापडल्या दोन. पूर्वी दोनशे सापडत. त्या दोघींच्या अंड्यांतून तीन हजारांवर पिल्लं जगली आणि सहातल्या दोन टाक्यांत मावली. ती पिल्लं गेली तर या नदीतला ठिपक्या संपला. बाईंचा जीव त्या दोन टाक्यांत टांगलेला होता.

त्यात झराही आटायला लागला. नळाची धार मनगटाएवढी होती, ती करंगळीएवढी झाली. टाकीतलं पाणी नऊ अंशांवर असायचं, ते बारावर गेलं, तेरावर गेलं. पिल्लं तळाशी न राहता नळाच्या धारेखाली गर्दी करून तोंडं वर काढायला लागली. आणखी फार दिवस ती टाकीत ठेवता येणार नव्हती.

बाईंची मुलगी शहरात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दर रविवारी यायची, बॅगेत बाटल्या आणि तापमापक. त्या रविवारी ती नदीवरून आली, चपला दारात काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “आई, नदी एकोणीसवर आहे.”

“दुपारचं असेल.”

“सकाळी सातला मोजलंय. ठिपक्या मरेल त्यात. आणि दुधाची वाट बघू नकोस, दूध येणार नाही.”

“तुला कुणी सांगितलं? नदीनं पत्र पाठवलं का?”

“वर बर्फच राहिला नाही, आई. दूध कुठून येणार?”

बाई पिल्लांना चारा टाकत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. मुलगी जवळ येऊन टाकीच्या कठड्यावर बसली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागली. वरच्या खिंडीत, डोंगराच्या सावलीत एक ओढा होता. कपारीतून निघणारा, बारा महिने आठ अंशांवर. दगडाखाली त्या अळ्याही होत्या, तिनं स्वतः बघितल्या होत्या. गुरुवारी टाकीचा ट्रक मिळत होता, हवेच्या पंपासकट. पिल्लं तिकडं न्यायची.

“तो ओढा आपला नाही,” बाई म्हणाल्या. “खाली धबधबा आहे. त्यावरून खाली पडलेला मासा परत वर चढत नाही. म्हणजे जन्मभर त्या एवढ्याशा डबक्यात राहायचं पोरांनी. ही नदीची पोरं आहेत.”

“नदीत सोडलीस तर नदीचीही राहणार नाहीत.”

“चार बाटल्या भरल्या म्हणून नदी कळत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते गं, बाटलीवरून नदीची नाही होत.”

“आणि तुम्ही लोक नुसता रंग बघून नाकानं कांदे सोलता!”

मुलीला बोलून वाईट वाटलं आणि बाईंना ऐकून. मुलगी याच टाक्यांच्या कठड्यांवर रांगली होती, आजोबांच्या मांडीवर बसून तिनंही तो एका ओळीचा नियम पाठ केला होता. शेवटी बाई म्हणाल्या, “ये म्हणावं ट्रकला. गुरुवारपर्यंत बघू.” बाईंचं 'बघू' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मुलीला ठाऊक होतं. तरी तेवढ्यावर ती समाधान मानून गेली.

बुधवारी बाईंचा निश्चय मात्र खरंच डळमळला. टाकीत पहिल्यांदा नऊ पिल्लं पोट वर करून तरंगत होती. बाईंनी ती ओंजळीत घेतली आणि कचेरीत जाऊन दार लावून बसल्या. त्या रडल्या की नाही ते भोंग्याला कळलं नाही, पण बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “उद्या ट्रक आला की भरायला लागू. पोरगी म्हणते तेच खरं.” भोंग्यानं लगेच जाळीचे डबे धुवायला काढले.

गुरुवारी सकाळी ट्रक आवारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं टाकीत बर्फाच्या लाद्या टाकल्या, पंप सुरू केला. बाईंनी जाळीचे डबे मांडले, मोजे चढवले, पहिली टाकी उपसायला घेतली. इतक्यात घाटावर बादल्या विसळायला गेलेल्या भोंग्याची आरोळी आली. ती आरोळी सगळ्या गावानं ऐकली असणार.

“बाई! दूध! दूध आलं!”

बाई धावल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई रबरी बुटांत धावली हे ड्रायव्हरनं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. आणि खरंच, नदी पांढरी झाली होती. काठापासून काठापर्यंत पांढरी, भरलेली, खळाळती. खुर्च्यावाल्याच्या दोन खुर्च्या वाहून चालल्या होत्या आणि तो त्यांच्यामागं पळत होता. बाई काठावर उभ्या राहून हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आली गं बाई, आली, असं त्या नदीला उद्देशून म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. “ऐकतेस का आवाज? नदी दुधाळली! तुझ्या बाटल्या ठेव आता माळ्यावर!”

पलीकडं क्षणभर शांतता. मग मुलगीही हसली. “खरंच? अगं मग काय बघतेस! सोड की!”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण बाईंचं तोंड दुधानं कधी पोळलंच नव्हतं. चौतीस वर्षं पांढरं म्हणजे गार आणि गार म्हणजे पांढरं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या होऊ शकतात, हा विचार त्यांच्या मनाला शिवायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी ट्रक रिकामा परत पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, थांबतो दुपारपर्यंत, मला घाई नाही. बाई म्हणाल्या, “कशाला? जा, बर्फ फुकट जाईल.”

दोघांनी मिळून तीन तासांत दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. बादली भरायची, चाळीस पावलं चालायचं, काठाशी कमरेत वाकून बादली पाण्यात तिरकी करायची, बादलीच्या आतल्या काठावर मोजा घातलेला हात धरायचा म्हणजे पिल्लं आपटत नाहीत, अलगद निघून जातात. बाई प्रत्येक बादलीला काहीतरी बोलत होत्या. सांभाळून रे. दगडाच्या आडोशाला राहा. डोहाकडं जाऊ नका, तिथं तो मिशाळ बसलाय. भोंगा म्हणाला, “बाई, सासरी पाठवल्यासारखं काय बोलताय?” आणि दोघंही हसले. दुपारी बाराला शेवटची बादली झाली. बाई दगडावर टेकल्या. किती दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

भोंगा बादल्या गोळा करत होता. एका डब्याचं झाकण पाण्यात पडून दोन दगडांच्या मध्ये अडकलं. जाड बोटांनी ते निघेना, म्हणून त्यानं मोजा काढला आणि हात पाण्यात घातला. तो तसाच वाकलेला राहिला. मग बाईंकडं बघून अगदी हळू बोलला. त्याला इतकं हळू बोलता येतं हे बाईंना माहीत नव्हतं.

“बाई, पाणी कोमट आहे.”

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी दोन्ही मोजे ओरबाडून काढले आणि कोपरापर्यंत हात नदीत घातले. भांडी घासायला काढलेल्या पाण्यासारखं होतं ते. मूठ आवळली तर बोटांच्या फटींतून पीठ नाही, चिकट माती आली. चौतीस वर्षांत त्यांनी या नदीला पहिल्यांदाच हात लावला होता.

तोवर काठाला पिल्लं यायला लागली होती. थव्यानं, तोंडं वर काढून, पांढरी पोटं दाखवत. बाई कमरेपर्यंत पाण्यात शिरल्या. जाळ्यानं, बादलीनं, ओंजळीनं त्या पोरं उपसत राहिल्या आणि भोंगा ती टाकीकडं पळवत राहिला. पण टाकीत घातलेलं पिल्लू एक-दोनदा तोंड उघडायचं आणि थांबायचं. बाईंनी एकाचं कल्ल्याचं झाकण नखानं उचललं. आत जिथं लालभडक झालर असते तिथं चिखल भरला होता.

पुलावरच्या चौकीदारानं सांगितलं ते इतकंच. आदल्या संध्याकाळी वर पाऊस पडला होता. त्या उंचीवर भर उन्हाळ्यातही बर्फच पडायचा, तिथं धो धो पाऊस पडला. हिमनदी मागं सरकून उघडा पडलेला तो करडा उतार अर्धा खाली घसरला आणि तापल्या कातळांवरून आलेल्या पाण्याबरोबर नदीत उतरला. ते बर्फाचं दूध नव्हतंच, बोडक्या डोंगराचा चिखल होता. संध्याकाळी चारपर्यंत तो वाहूनही गेला. नदी परत स्वच्छ झाली आणि तळाच्या दगडांवर पडलेली पांढरी पिल्लं लांबूनसुद्धा दिसायला लागली. बगळ्यांना तर निमंत्रणच लागत नाही. बाई काठावर बसून ते बघत होत्या. उठा म्हटलं तरी उठल्या नाहीत.

मुलगी पाच वाजता आली. भोंग्यानं फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, ती धापा टाकत आली. आईला तिनं उठवलं नाही, शेजारी बसली. नदीत तापमापकही घातला नाही.

बाई म्हणाल्या, “बोल की. तू सांगितलं होतंस, म्हण.”

“मी नाही सांगितलं,” मुलगी म्हणाली. “तू फोन केलास तेव्हा मी विचारायला हवं होतं, पाणी किती अंशावर आहे. दिवसातून पन्नासदा विचारते मी सगळ्यांना. माझ्या ओठावर होतं, आई. पण तू हसत होतीस. बाबा गेल्यापासून तू तशी हसली नव्हतीस. मला वाटलं, येऊ दे ना एकदा खरंच दूध.”

बाईंनी तिचं डोकं ओढून आपल्या ओल्या खांद्यावर घेतलं. दोघी रडल्या. दोष कुणाचा याची वाटणी त्या दोघींत पुन्हा कधी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा रिकाम्या टाक्या धुवायला गेला. निचऱ्याच्या कप्प्यात, जाळीच्या खाली, बारकी पिल्लं अडकून राहिली होती. वाढ खुंटलेली, जाळीच्या भोकातून निसटतील एवढी. एरवी असली पिल्लं मोजतही नसत. त्यानं बाईंना बोलावलं. बाईंनी मोजली. एकोणीस.

मुलीनं पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या न्यायची आपली थंडपेटी रिकामी केली, त्यात झऱ्याचं पाणी आणि बर्फ घातला. खिंडीपर्यंत गाडी, पुढं दीड तास चढण. वाटेत पेटी आळीपाळीनं उचलताना दोघी फक्त “सांभाळ, दगड आहे” एवढंच बोलत होत्या. ओढा खरंच गार होता. सावलीत वाहणारा, अरुंद, घोट्याएवढ्या पाण्याचा. मुलीनं एक दगड उलटला. खाली अळ्या होत्या.

पेटी उघडली तेव्हा तीन पिल्लं गेलेली होती.

“तू सोड,” बाई म्हणाल्या.

“आई, तूच...”

“तू सोड गं. मी बघते.”

मुलीनं पेटीत अर्धा तास ओढ्याचं पाणी थोडं थोडं मिसळलं, दोनदा तापमान बघितलं आणि मग पेटी तिरकी केली. सोळा पिल्लं बाहेर आली. थोडा वेळ ती तिथंच एकमेकांना चिकटून राहिली, मग एक एक करून दगडांखाली शिरली.

“यात माद्या किती असतील?” बाईंनी विचारलं.

“आत्ता नाही सांगता येत. तुलाच माहीत आहे. तीन वर्षं लागतात.”

“एक तरी असेल?”

मुलगी प्रयोगशाळेतली. तिच्याकडं प्रत्येक प्रश्नाला आकडा असायचा. ती रिकामी पेटी ओढ्यात विसळायला लागली.

“आणि तीन वर्षं हा ओढा गार राहील?” बाईंनी पुन्हा विचारलं. मुलीच्या दंडाला धरून, लहान मूल विचारतं तसं.

“मला माहीत नाही, आई,” मुलगी म्हणाली. “मला खरंच माहीत नाही.”

बाईंनी मान हलवली. मग त्या काठावर मांडी घालून बसल्या, पोरं गेली त्या दगडांकडं तोंड करून, आणि मुलीनं दोनदा हाक मारली तरी उठल्या नाहीत.